लेकराएवढं सूत

रविवारी बार्शीटाकळीच्या त्या घरात जेवणं लवकर उरकायची, कारण दुपारी इंग्लंडातून फोन यायचा. प्रणालीला आठवड्यातून एकच सुटी, आणि तिची सकाळ म्हणजे इथली कलती दुपार. पडवीतल्या खाटेवर सासरे जानराव बसायचे, शेजारी तिचा नवरा नितेश, नितेशच्या मांडीला रेलून आठ वर्षांची आचल. सासू दुर्गाबाई थोडी मागं, दाराला पाठ लावून. फोनमध्ये मावावं म्हणून बाकीचे दाटीनं बसायचे, दुर्गाबाईचा मात्र अर्धाच चेहरा समुद्र ओलांडायचा.

सून जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीला तिनं रुग्णसेवेचा कोर्स केला आणि त्या बळावर मँचेस्टरजवळच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, रात्री कुशीवर वळवायचं. काम तिच्या हाताला मानवलं होतं. पण तिथल्या सरकारचा नियम असा, की या कामाला येणाऱ्या माणसानं एकट्यानंच यायचं. नवरा आणायचा नाही, लेकरूही आणायचं नाही. जाताना तिला ते ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि सोसणं यांच्यामध्ये केवढी नदी असते, ते पलीकडच्या काठावर गेल्यावर कळलं.

त्या रविवारी ती भलत्याच घाईत होती.

"ऐका ना. येत्या शनिवारी इथं मोर्चा हाय. आमच्यासारख्या सगळ्यायचा. लेकरं आनू द्या म्हून. केरळच्या बाया हायेत, फिलिपिन्सच्या हायेत, आफ्रिकेतल्या हायेत. म्या सुटी मागतली आन् भेटली बी."

"मोर्चा?" जानराव सावरून बसले. "सरकारच्या विरोधात?"

"सरकारले सांगाले, बाबा. आन् ज्यायची लेकरं तिकडं राह्यली त्यायनं लेकराचा मोठा फोटो काठीवर लावून धरायचा. लेकरं येऊ शकत नाहीत, पन मोर्च्यात तं दिसतीन. मले आचलचा चांगला फोटो काढून पाठवा."

आचलनं लगेच कपाळावरचे केस मागं सारले. 

"काठीवर?" दुर्गाबाईनं मागून विचारलं.

"हो, आई."

"आन् गावातून फिरवनार?"

"शहराच्या मधातून. मोठ्या रस्त्यानं."

दुर्गाबाई उठून आत गेली. घासून पालथी घातलेली भांडी तिनं पुन्हा घासायला घेतली. तो आवाज फोनमधून तिकडंही गेला असावा, कारण प्रणालीनं आवाज उतरवून विचारलं, "काय झालं आईले?"

"काई नाई," नितेश म्हणाला. "मी पाठवतो फोटो."

नितेशचं गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. सोमवारी तांब्याची तार आणायला तो अकोल्याला गेला, तेव्हा पिंटूकडं वळला. पिंटू त्याचा शाळेतला सोबती. टिळक रोडच्या एका गल्लीत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, आणि दुकानात शाईचा इतका वास की चहालाही तोच यायचा.

"बोल," पिंटूनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "वाढदिवस का श्रद्धांजली?"

"दोन्ही नाई."

"मंग निवडनूक. कोनाले उभं करून राहिला बे?"

"आचलचा फोटो मोठा करायचा हाय. मोर्च्यात न्याले."

"कोन्त्या पक्षाचा मोर्चा?"

"पक्ष नाई. इंग्लंडात हाय."

पिंटूनं माऊस सोडला आणि खुर्ची फिरवली. "अकोल्यातले मोर्चे पुरत नाईत काय तुले?"

मग नितेशनं सगळं सांगितलं. पिंटू ऐकत गेला तसा त्याच्या तोंडावरचा वात्रटपणा उतरत गेला. "वहिनी एकटीच चालनार?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागला. फोटो त्यानं मोठा केला, उजळ केला, गालावरचा शाईचा डागही पुसून टाकला. आता भोवती चौकट हवी. त्याच्याकडं तयार चौकटी दोनच होत्या, एक फुग्यांची आणि एक फुलांची. मोर्च्याला फुगे बरे दिसणार नाहीत, असा त्यानं मनापासून विचार केला आणि फुलांची लावली. खाली ठसठशीत अक्षरांत नाव घातलं, 'कु. आचल'. घरच्यांना पाहायला म्हणून एक प्रत छापूनही दिली. नितेशनं ती पाहिली, पण त्याला लेकीचा चेहराच दिसला. चौकट दिसली नाही.

घरी दुर्गाबाईला ती आधी दिसली.

पांढऱ्या फुलांच्या मधोमध पोरगी हसत होती. खाली नाव. वर जागा मोकळी, जणू काही लिहायचं राहून गेलेलं.  दुर्गाबाईनं फोटोतल्या कपाळावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली, फ्लेक्सची सुरळी केली आणि ज्वारीच्या कोठीमागं उभी करून ठेवली.

"जित्या लेकराचा असा फोटो करते काय कोनी?"

"माय, फुलं चुकली. मी काढाले लावतो."

"फुलं काढून काय होते? काठीवर मानसाचा फोटो कवा चढते, तुले मालूम नाई? मयतीच्या ट्रॅक्टरच्या मोहरं बांधून नेते तवा."

"काहून? चौकात पाह्य ना. भाऊच्या वाढदिवसाचा फोटो केवढा हाय. तो तं जिता हाय."

"त्याले निवडून यायचं हाय. माही पोट्टी कोन्त्या वार्डातून उभी हाय?"

जानरावांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं. त्यांची काळजी वेगळी होती. "मुलूख परका. नोकरी त्यायची. त्यायच्याच दारात उभं राहून वरडायचं, आन् उद्या त्यायनं सुनेले वापस धाडलं तं?"

"पोलिसायची परवानगी काढली हाय, बाबा."

"परवानगी असली म्हून काय झालं? परवानगी काढूनच आमी कापसाच्या मोर्च्याले गेलतो. लाठी तरी बसलीच."

नितेशनं फोन काढला. त्यानं प्रणालीला निरोप लिहिला, की माय फोटोला नको म्हणते. पुष्कळ वेळानं उत्तर आलं. 'बरं. मग मी नुसतीच जाईन.'

त्यानं ते वाचून दाखवलं. दुर्गाबाई भाकर थापत होती. 'नुसतीच' या शब्दावर तिचा हात थांबला.

तिनं जन्मात एकही मोर्चा पाहिला नव्हता. जानराव कापसाच्या भावासाठी गेले, गावची माणसं पाण्यासाठी गेली, रस्त्यासाठी गेली. दर वेळी पहाटे उठून तिनं भाकरी बांधून दिल्या, माघारी ढोरांना चारा घातला, दूध काढलं, म्हाताऱ्या सासूला औषध दिलं. पुढं चालणाऱ्यांचे पाय दिसतात. मागं कुणीतरी दावणीला उभं असतं म्हणून ते पाय निघतात, एवढं तिला न सांगता कळत होतं. कुणाला तिनं असं नुसतं कधी धाडलं नव्हतं.

गुरुवारी शेतात सीतादही होती. कपाशी फुटली की पहिल्या वेच्याआधी शेताला दहीभात द्यायची ही रीत. सकाळी दुर्गाबाई आणि पार्वताबाई डोक्यावर टोपली घेऊन निघाल्या. पार्वताबाई शेजारची, वेचणीला सोबत येणारी, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. आचलला दिवाळीच्या सुट्या लागल्या होत्या, तीही मागं उड्या मारत आली.

काळ्या मातीवर कपाशी उघडली होती. रात्री कुणी चांदणं सांडून ठेवावं आणि सकाळी उचलायला विसरावं, तसं. एका ठसठशीत झाडाखाली दुर्गाबाईनं पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. मग तोच भात मुठीनं चारी दिशांना उडवला. आणि वेचायला वाकता वाकता नेहमीसारखी ओवी तिच्या तोंडी आली:

*समिंदरापल्याड सून माझी राबते,*
*तिच्या लेकीची वेनी मी दारात घालते.*

"हे बरं हाय," पलीकडच्या तासातून, कपाशीच्या ओळीतून, पार्वताबाई म्हणाली. "गानं सुनेचं, आन् फोटोले नाई म्हनलं म्हने."

"कोनं सांगतलं तुले?"

"गावात काय लपते? मले तं फोटोचं काई वाटत नाई, बाई. पन एक सांग." पार्वताबाईनं ओटीतला कापूस दाबला. "हा मोर्चा फळला, त्या सरकारनं आयकलं, तं पोट्टी चालली जाईन ना वं तुही."

दुर्गाबाईचा हात बोंडावर तसाच राहिला. बोंडाचं वाळकं टोक बोटात घुसलं, तेही तिला उशिरा कळलं.

पार्वताबाई पुढं सरकली. तिनं हे सहज म्हटलं होतं. पण दुर्गाबाई त्या तासात उभी राहिली ती राहिलीच. रोज सकाळी दोन वेण्या. शाळेतून आल्यावर दारातूनच, "आजी, भूक." झोपताना पोटावर टाकलेला तो एक पाय, तापलेला, जड. फोटो अपशकुनाचा होता हे खरं. पण फोटो नसता, दुसरं काही मागितलं असतं, तरी आपण नाहीच म्हणालो असतो, हेही आता तिला तेवढंच खरं दिसलं. मोर्चा हरावा असं तिनं मनात आणलं नव्हतं. तो निघूच नये, एवढंच वाटत होतं.

"आजी, हे फाटलं."

आचल समोर उभी होती. अंगात प्रणालीनं पाठवलेला निळा फ्रॉक. खाली वाकताना काखेत उसवला होता.

"नवाच होता ना वं. एका महिन्यात फाडला?"

"मी नाई फाडला. तो लहानच हाय. मम्मी पाठवते ते सगळे लहानच येतात."

"मंग सांगत काहून नाई तिले?"

आचलनं मातीत अंगठा रुतवला. "तिले वाईट वाटते. तिले वाटते मी अजून तेवढीच हाय."

दुर्गाबाईनं नातीकडं नीट पाहिलं. कपाशीची झाडं पोरीच्या खांद्याला लागत होती. दोन वर्षांमागं याच शेतात, याच दिवसात, सून निघायच्या आधी हीच पोर कपाशीच्या दोन ओळींच्या मध्ये लपायची आणि सापडायची नाही.

फोनमध्ये दर रविवारी चेहरा दिसायचा. चेहरा किती उंचावर आहे ते फोन सांगत नव्हता. मांडीला रेलून बसलेलं लेकरू आईला मांडीएवढंच दिसत होतं.

आचल वर्षाची असताना तिला तापानं धरलं होतं. तेव्हा दुर्गाबाईनं, आपल्या सासूनं शिकवलं होतं तसं, पोरीच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सूत मोजून त्याची वात केली आणि देवापुढं लावली होती. त्या सुताची सय तिला आता आली. ती धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. ओटीतला पांढराशुभ्र कापूस मांडीवर ओतला, नखानं सरकी काढली, आणि तळव्यावर तळवा घासून सूत वळायला लागली. एक पेळू संपला की दुसरा त्याला जोडायचा, बोटाला थुंकी लावून पीळ घट्ट करायचा.

*पांढऱ्या बोंडाचं सूत वळते धीराचं,*
*माप धाडते सुनेले तिच्या वाढत्या लेकराचं.*

"हे काय वं नवीन?" पार्वताबाई पाणी प्यायला आली होती.

"इकडं ये, आचल. झाडाले पाठ लावून उभी राह्य. टाच उचलू नको."

सूत टाळूपासून खाली आलं, कानाजवळून, खांद्याजवळून, त्या आखूड फ्रॉकजवळून, टाचेपर्यंत. दुर्गाबाईनं तिथं गाठ मारली.

पार्वताबाई कंबरेवर हात ठेवून पाहत होती. "म्हंजे धाडतेस?"

"धाडते."

"आन् गेली मंग पोट्टी, तं?"

"ती माही नाई, पार्वते. मले राखाले देल्ली हाय." दुर्गाबाईनं सूत बोटाभोवती गुंडाळलं. "राखनदारानं पीक आपल्या घरी नेलं तं त्याले काय म्हनते?"

"चोर म्हनते."

"मंग."

पार्वताबाईनं गडवा उचलला. तिनं गडव्यातलं उरलेलं पाणी आचलच्या हातावर ओतलं आणि म्हणाली, "धू तोंड. मोर्च्याले जायचं हाय तुले."

संध्याकाळी दुर्गाबाईनं स्वतः नितेशला फोन लावायला लावला आणि हातात घेतला. तिकडं प्रणाली कामावरून सुटून बसथांब्यावर उभी होती. सासूचा अख्खा चेहरा एवढ्या जवळून पाहून ती दचकली.

"आई? बरं हाय ना सगळं?"

"बरं हाय. फोटोचं ऱ्हाऊ दे. फोटोत लेकराची उंची येत नाई. मी माप सांगते, ते लिहून घे. तेवढंच कापड काप आन् ते काठीले लाव. पुसलं कोनी तं सांग, एवढी झाली म्हनाव, माह्याबिगर."

नितेशनं सूत दुकानातल्या टेपला लावलं. "चार फूट दीड इंच," तो म्हणाला.

"किती?"

"चार फूट, दीड इंच."

 तिकडं बस आली आणि प्रणालीला न घेता गेली. मग फोन हलला. तिनं तो थांब्याच्या बाकावर टेकवला असावा, कारण आता ती पायापासून डोक्यापर्यंत दिसत होती. थांब्याच्या काचेवर मार्ग लिहिलेला कागद होता, आणि जमिनीपासून वितीनं मोजत तिनं त्याच्या कडेला बोट ठेवलं. मग त्या बोटाशेजारी स्वतः उभी राहिली. बोट तिच्या छातीपाशी आलं.

"इथपर्यंत?" तिनं विचारलं.

"हो," नितेश म्हणाला.

"मी कंबरेएवढीच समजून राहिली होती." ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंड बाहीत लपवलं. "फ्रॉक लहान येत असतीन ना गं, आचल?"

"थोडेसे," आचल म्हणाली.

जानराव इतका वेळ खाटेवर पाय हलवत बसले होते. आता त्यांनी फोनकडं मान केली. "मी काय म्हन्तो, सूनबाई. मोर्च्यात मधात चालजो. कडेले नाई. कडेच्याले धक्के बसते. आन् पानी सोबत ठेवजो."

"हो, बाबा."

"आन् घोषना देता देता गळा बसला तं गुळाचा खडा. तिथं गुळ भेटते काय?"

"भेटते, बाबा. इथं सगळं भेटते." मग ती थांबली. "जवळपास सगळं."

शनिवारी दुपारी सगळे शेतातच होते. वेचणी अर्ध्यावर आली होती, आणि फोनची रेंज धुऱ्यावर, कडुनिंबाखालीच यायची. पिंटूही अकोल्याहून मोटारसायकलवर आला होता. फुलांच्या चौकटीबद्दल त्याला दोन दिवस झोप आली नव्हती, असं तो म्हणाला. दुर्गाबाईनं त्याला भाकर आणि ठेचा वाढला आणि म्हणाली, "खा. पुढच्या खेपेले फुगे लावजो."

साडेचारला फोन वाजला. आधी नुसतं आभाळ दिसलं, राखी रंगाचं, आणि पुष्कळ पाय. मग प्रणालीचा चेहरा, नाक थंडीनं लाल झालेलं. "दिसून राहिलं काय?" ती ओरडली, आणि फोन वर धरला.

काठीला पिवळं कापड होतं. तिची जुनी ओढणी. आचलच्या मापाची कापून, तिनं ती काठीला अशी बांधली होती की खालचं टोक बरोबर जमिनीपासून सुरू व्हावं. ती चालायची तसं ते कापड तिच्या शेजारून चालायचं, वाऱ्यानं तिच्या पायात यायचं, पुढं पळायचं, पुन्हा मागं यायचं.

"माझ्यासारखंच करते," आचल म्हणाली.

भोवती शेकडो फोटो होते. हसणारी पोरं, गणवेशातल्या पोरी, एक तान्हं. दुर्गाबाईनं ते पाहिले. एकाही फोटोभोवती फुलं नव्हती. 

तेवढ्यात एक उंच, काळी बाई प्रणालीच्या जवळ आली. डोक्याला तिनं रंगीत फडकं बांधलं होतं, हातात दोन मुलांचा फोटो होता. तिनं पिवळ्या कापडाकडं बोट करून काहीतरी विचारलं. प्रणालीनं सांगितलं. ती बाई चालता चालता थांबली. फोटो तिनं काखेत धरला, मोकळा हात आपल्या कंबरेपाशी हवेत आडवा ठेवला आणि काही बोलली. मग तोच हात तिनं वर उचलला, खांद्यापाशी आणला. तिथं ठेवून पाहिला. पुन्हा थोडा वर.

"काय म्हनते?" जानरावांनी विचारलं.

"तिचा मोठा मुलगा झिंबाब्वेत हाय," प्रणालीचा आवाज आला. "म्हनते, आता एवढा असेल. नक्की तिलेबी मालूम नाई."

मागच्या बाईनं ते पाहिलं, तिनंही हात वर केला, गुडघ्याच्या जरा वर. तिच्या शेजारच्या पुरुषानं कमरेशी. मग तो प्रकार मोर्च्यात गवताला वारा लागावा तसा मागं मागं गेला. फोटो काखेत, खांद्यावर, आणि मोकळे हात हवेत. कुणाचा मांडीपाशी, कुणाचा छातीपाशी, एका केरळी बाईचा तर स्वतःच्या डोक्याच्याही वर, आणि ती त्यावर स्वतःच हसत होती. रस्त्याच्या कडेला उभी असलेली तिथली माणसं आधी बुचकळ्यात पडली. मग एका पांढऱ्या केसांच्या म्हातारीनं, हातात भाजीची पिशवी असलेल्या, आपलाही हात आडवा धरला, असाच, कुणाच्या तरी उंचीवर.

 इकडं धुऱ्यावर पार्वताबाईनं ओटी सोडली आणि हात पुढं केला, आपल्या सुरतेला कामाला गेलेल्या लेकाच्या उंचीवर. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. तिला टाचा उचलाव्या लागल्या.

दुर्गाबाईनं ओवी म्हटली ती कुणाला ऐकू जावी म्हणून नव्हती. तिकडच्या गलबल्यात ती पोचणारही नव्हती.

*मोर्चा चालला चालला विलायती वाटेनं,*
*लेक चालली माझी मायच्या बोटानं.*

मोर्चा एका मोठ्या दगडी इमारतीपुढं थांबला. भाषणं झाली, ती इकडं कुणाला कळली नाहीत. प्रणालीनं नंतर सांगितलं, की त्यांचं म्हणणं लिहून दिलं, आतून एक माणूस येऊन घेऊन गेला, बघू म्हणाला. नियम काही आज बदलला नाही. हिवाळा सरला की पुन्हा चालायचं ठरलं आहे, आणि तेव्हा आणखी दोन शहरांतले लोक येणार आहेत.

"म्हंजे झालं काय मंग?" पिंटूनं विचारलं.

"निंघाला," जानराव म्हणाले. "मोर्चा आधी निंघाले लागते. मंग पोचते." आणि त्यांनी फोनकडं वाकून पाहिलं, सुनेला कुठं धक्का तर लागला नाही.

प्रणाली आता एका कठड्यावर बसली होती. पिवळं कापड तिनं मांडीवर घडी करून घेतलं होतं आणि त्यावरून हात फिरवत होती. ती दमलेली दिसत होती, पण गेल्या दोन वर्षांत दिसली नव्हती तशी ताजीही.

"दे इकडं," दुर्गाबाई म्हणाली आणि तिनं नितेशच्या हातून फोन घेतला. कडुनिंबाला पाठ लावून ती खाली बसली. आचल तिच्या कुशीत शिरली, आता मावत नव्हती तरी.

"प्रणाली, तिथं शाया घरापासून किती लांब हाय?"

तिकडं प्रणालीचा हात कापडावर थांबला. शाळेचा हा प्रश्न सासूनं आजवर कधी विचारला नव्हता.

"जवळ हाय, आई. चालत जाता येते. मधात एक बाग लागते."

"बागेत कुत्रे हायेत? हिले कुत्र्याचं भेव वाटते."

"हायेत. पन पट्ट्यानं धरून फिरवतात."

"आन् दूध? हिले साय चालत नाई, गाळून द्या लागते. आन् शायेत बाकीच्या पोरी कशा हायेत? हिच्याशी बोलतीन ना?"

"बोलतीन, आई. माझ्या गल्लीत एक पोरगी हाय, हिच्याच एवढी." प्रणाली थांबली, आणि मग हसून तिनं छातीपाशी हात धरला. "म्हंजे, आता समजलं मले, हिच्याच एवढी."

"तिचं नाव काय?" कुशीतून आचलनं विचारलं.

"थांब, मले विचारू दे," दुर्गाबाई म्हणाली. "घराले खिडकी कोनीकडं हाय? ऊन येते का सकायचं?"

वेचणाऱ्या बाया गाठोडी बांधायला लागल्या. पिंटूनं मोटारसायकल वळवली. ऊन कपाशीवरून उतरून धुऱ्यावर आलं, धुऱ्यावरून कडुनिंबाच्या शेंड्यावर चढलं, आणि दुर्गाबाईचे प्रश्न अजून संपले नव्हते.